‘थई जशे’ म्हणणाऱ्या साहेबाच्या हाताखाली नोकरी कशी करावी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) कामाला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन गुजराती वाक्यं पाठ झाली. मशीनचा आवाज बदललाय असं सांगितलं की सुपरवायझर म्हणायचे, “थई जशे.” पगारात दोन दिवस कमी आलेत म्हटलं की, “जोई लईशुं.” होऊन जाईल, बघून घेऊ. अख्खा कारखाना या दोन वाक्यांवर चालायचा आणि त्यांचा कागद कुठेच नसायचा. मग लॉट रिजेक्ट झाला, कुणाचं बोट गेलं, डिस्पॅच चुकला की नाव निघायचं मशीनवरच्या माणसाचं. रजिस्टरमध्ये सही फक्त त्याचीच असायची ना!

टर्निंग, मग प्रेस शॉप, शेवटी मेंटेनन्स अशी तेवीस वर्षं मी काढली. कारखाने चार, त्यांतले दोन बरे. डांडिया बाजारात, वारसियात, प्रतापनगरात अजून अशी मराठी घरं आहेत जिथून सकाळच्या पाळीला डबा घेऊन कुणीतरी निघतं. त्या घरांतली आयटीआय झालेली पोरं येऊन विचारतात, “काका, साहेब काही ऐकतच नाही, काय करू?” दर वेळी तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

नोकरी सोड, हा सल्ला मी आधी देत नाही. घराचा हप्ता चालू असतो, आईचं औषध चालू असतं, आणि पुढच्या गेटवर याहून बरा साहेब उभा असेल याची हमी कुणी देत नाही. शांतपणे, एकेक पायरी करत जा.

पायरी १ : साहेब वाईट आहे म्हणजे नेमका कसा आहे, ते ओळखा

पहिले पंधरा दिवस कुणाशी वाद घालू नका. नुसतं बघा. लाईन बंद पडते तेव्हा साहेबाच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो, तो ऐका.

“काय झालं?” असं विचारणारा असेल तर तुमचं नशीब बरं आहे. त्याचा आवाज मोठा असेल, शिव्याही असतील, पण त्याच्याशी काम होतं.

“चालू कधी होईल?” विचारणारा वरून दाबला गेलेला असतो. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांत महिन्याचा निम्मा माल शेवटच्या आठ दिवसांत निघतो. पंचवीस तारखेनंतर हा माणूस माणसात नसतो. त्याला २६ तारखेला “इन्सर्ट संपलेत” (इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं, बदलता येणारं पातं) असं सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. तेच १८ तारखेला सांगा, आणि सांगताना आकडा द्या: “नऊ इन्सर्ट उरलेत, रोज दोन लागतात, म्हणजे गुरुवारी मशीन बंद.” माझा अनुभव असा की वाईट वाटणाऱ्या दहा साहेबांतले सहा-सात याच जातीचे. वेळेआधी खबर देणारा कामगार त्यांना देवासारखा वाटतो. मात्र ते तसं कबूल कधी करत नाहीत.

काही साहेब मशीनपाशी येतच नाहीत, केबिनमधून फोन करतात. त्यांना बहुधा काम येत नसतं. शेठचा भाचा किंवा कालपरवाचा डिप्लोमा. आपल्याला येत नाही हे उघडं पडेल ही त्यांची खरी भीती. हेल्परसमोर त्यांची चूक काढलीत तर ते जन्मभर विसरत नाहीत. एकटे गाठा, आणि अडचणीसोबत उत्तरही हातात ठेवा: “साहेब, फीड थोडं कमी केलं तर चॅटर जाईल, करून बघू का?” (फीड म्हणजे हत्यार पुढे सरकायची गती, चॅटर म्हणजे कापताना होणारी थरथर.) श्रेय त्यांना जाऊ द्या. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. पुढे लक्षात आलं की त्यांना श्रेय मिळालं की माझी रजा लवकर मंजूर होते.

राहिला तिसरा प्रश्न: “कुणी केलं?” काय झालं हे कळायच्या आत ज्याला नाव हवं असतं, त्याच्यापासून सावध. रजिस्टरात खाडाखोड, ओव्हरटाईमचे तास खाणं, ठेकेदाराकडून माणसामागे कमिशन, हे सगळं या जातीत सापडतं. त्याला सुधारायला जाऊ नका. पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्याच्यासाठी आहेत.

पायरी २ : स्वतःची वही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

वीस-तीस रुपयांची शाळेची रेघी वही घ्या. सुट्या कागदांची नको, शिवलेली घ्या, म्हणजे पान मागाहून घुसवलं असं कुणी म्हणू शकणार नाही. रोज पाळी संपल्यावर घरी किंवा बसमध्ये पाच ओळी लिहा. तारीख आणि पाळी. मशीन नंबर. किती नग निघाले, किती रिजेक्ट. मशीन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद आणि कशामुळे. आत-बाहेर पंचिंगची वेळ. आणि साहेबाने काही वेगळं करायला सांगितलं असेल तर त्याचेच शब्द, कोण हजर होतं त्यासकट.

“साहेब फार त्रास देतो” असं वहीत लिहू नका. त्याने काही सिद्ध होत नाही. “रात्री ११:४०, प्रेस ३, साहेब म्हणाले गार्ड काढून चालव, हेल्पर दोघे हजर” असं लिहा. बाराच शब्द, पण त्यांत वेळ, जागा, हुकूम आणि साक्षीदार सगळं आलं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. एका कारखान्यात, नाव घेत नाही, बुशिंगचा बोअर (आतलं भोक) मोठा येऊ लागला आणि एका सकाळी तीनशेच्या वर नग लाल ट्रेमध्ये जमले. रात्रपाळी माझी. सकाळी मीटिंगमध्ये ठरून गेलं की ऑपरेटर झोपला, ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) टाकला नाही, नुकसान पगारातून कापा. वहीत तीन रात्रींच्या नोंदी होत्या: पहिल्या रात्री “कॉलेट घासलंय, कळवलं, स्टोअरमध्ये नाही” (कॉलेट म्हणजे नग पकडून ठेवणारा भाग), दुसऱ्या रात्री “दर पंचवीस नगांना ऑफसेट देतोय”, तिसऱ्या रात्री “साहेब म्हणाले तपासणी पन्नास नगांवर ने, वेळ जातो”. क्वालिटीवाल्याने आपला रिपोर्ट शेजारी ठेवला. बोअर बिघडायला सुरुवात झाली ती तपासणी पन्नासवर नेली त्याच रात्री. कपात झाली नाही. माफी कुणी मागितली नाही, पण नवीन कॉलेट त्याच दिवशी आलं!

दोन पथ्यं पाळा. वहीत कंपनीचं ड्रॉईंग, प्रोसेस शीट, गिऱ्हाइकाचं नाव-भाव उतरवू नका, आणि बंदी असलेल्या भागात मोबाईलने फोटो काढू नका. तुमच्यावर कारवाई करायला तेवढं एक निमित्त पुरतं. दुसरं, वही लॉकरमध्ये ठेवू नका. ती घरी असावी, आणि आहे हे शेजारच्या मशीनवरच्यालाही ठाऊक नसावं.

पायरी ३ : तोंडी हुकूम लेखी करून घ्या, पण गोड बोलून

“साहेब, लिहून द्या” असं तोंडावर म्हटलंत तर ते आव्हान वाटतं. साहेब लिहून देत नाही आणि तुम्ही डोक्यात बसता. त्यापेक्षा तुम्हीच लिहा आणि त्याला फक्त कळवा. हल्ली प्रत्येक शॉपचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. बडोद्यात तिथली भाषा बहुधा हिंदी-गुजरातीची खिचडी. त्याच भाषेत, दोन ओळींत, हुकूम मिळाल्यावर पाच-दहा मिनिटांत टाका:

“सर, आपके कहे अनुसार लॉट पूरा होने तक पुराने इन्सर्ट पे चला रहा हूँ। साइज ऊपर की तरफ जा रही है, हर १० पीस पे चेक कर रहा हूँ।”

यात तक्रार नाही, टोमणा नाही. माणूस आज्ञाधारक दिसतो. साहेब “ओके” म्हणाला तर कागद झाला. गप्प राहिला तरी झाला. चिडून “ग्रुपवर का टाकतोस” म्हणाला तर पुढच्या वेळी त्याच्या एकट्याच्या नंबरवर टाका. दुसऱ्यांदा हुकूम देताना तो चार सेकंद विचार करतो. तुम्हाला तेवढंच हवं असतं.

हजेरीचंही असंच. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा अर्ध्या लोकांना घराबाहेर पडता येईना. पुलापलीकडच्या एका ओळखीच्या पोराने पहाटेच मेसेज टाकून ठेवला, सोबत गल्लीतल्या पाण्याचा फोटो. नंतर ज्यांनी काहीच कळवलं नव्हतं त्यांची न कळवता गैरहजेरी लागली, आणि याच्या खात्यातून रजा वजा झाली.

हँडओव्हरबद्दल थोडक्यात. पाळी बदलताना दहा मिनिटं द्या, लॉगबुकमध्ये मशीनची स्थिती लिहा, पुढच्या माणसाची सही घ्या. निम्मी भांडणं दोन पाळ्यांमध्ये लागतात आणि वाईट साहेबाला ती लागलेलीच बरी असतात.

पायरी ४ : जिवाशी खेळ असेल तिथे गोड बोलणं बंद

आतापर्यंत सांभाळून घ्या म्हणत होतो. इथे अजिबात नाही.

प्रेसचं दोन हातांनी दाबायचं बटण एकाला टेप लावून एक हाती केलेलं. फिरत्या पट्ट्यावरचं कव्हर काढून ठेवलेलं. मेंटेनन्सवाला आत असताना पॅनलला कुलूप नाही, टॅग नाही. नंदेसरी-रनोलीकडच्या केमिकल प्लांटात टाकी साफ करायला “दोन मिनिटांचं काम आहे, उतर” म्हणणं. या चारपैकी एकही गोष्ट “थई जशे”त बसत नाही.

टाकीबद्दल विशेष सांगतो. टाकीत नायट्रोजन भरला असेल तर वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. आत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. मीटरने मोजलेलं असलं पाहिजे, परमिटवर (आत उतरायच्या लेखी परवानगीवर) जबाबदार माणसाची सही असली पाहिजे, कमरेला पट्टा आणि दोर, आणि बाहेर एक माणूस जो जागचा हलणार नाही. यातलं एक नसेल तर नाही म्हणा. “मी काम करणार नाही” असं म्हणू नका, ते हुकूम मोडणं ठरवलं जातं. “परमिट आलं की लगेच उतरतो, तोवर दुसरं काम द्या” असं म्हणा, आणि तेच लगेच मेसेजमध्ये टाका.

कायदा इथे तुमच्या बाजूचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षेच्या संहितेत कामगाराला धोक्याची माहिती मागण्याचा हक्क आहे, आणि जीव जाईल असा धोका समोर दिसत असेल तर मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क आहे.

अपघात झालाच तर एक जुनी युक्ती ओळखून ठेवा. जखमी माणसाला जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतात, टाके घालतात, हातात हजार-दोन हजार ठेवतात आणि सांगतात, “ईएसआयमध्ये लिहू नको, घरी पडलो म्हण, आम्ही बघून घेऊ.” पुढे बोट आखडतं, पकड जाते, आणि कागदावर अपघात झालेलाच नसतो. ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, सभासद असाल (सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला हे लागू आहे, तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात) तर कामावर झालेल्या जखमेमुळे घरी बसावं लागल्यास सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पुढे दरमहा. साध्या आजारपणाला ७० टक्केच आहेत. ‘घरी पडलो’ या दोन शब्दांची किंमत एवढी आहे. मालकाने अपघाताचा रिपोर्ट करणं बंधनकारक आहे. प्राण वाचवण्यापुरतं कुठेही जा, पण त्यानंतर गोत्रीच्या ईएसआयसी हॉस्पिटलात किंवा आपल्या डिस्पेन्सरीत नोंद झालीच पाहिजे. अपघाताच्या नोंदवहीत तुमचं नाव लिहिलेलं स्वतः बघा. घराहून कामावर येता-जाताचा अपघातही यात धरला जातो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

पायरी ५ : पगाराचा हिशेब स्वतः करा

दर महिन्याला वही आणि पगारपत्रक शेजारी ठेवून अर्धा तास बसा. धरा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० आहेत. भागिले २६ म्हणजे दिवसाचे ६००. भागिले ८ म्हणजे तासाचे ७५. ओव्हरटाईम दुप्पट दराने, म्हणजे तासाचे १५०. महिन्यात ४० तास जादा केले तर ६,००० यायला हवेत. साहेब “सिंगल ओटी” (जादा तासांना साधाच दर) देत असेल तर ३,००० रुपये दरमहा तुमच्या खिशातून जातायत. जादा तासांना दुप्पट पैसे हे १९४८ च्या जुन्या कारखाने कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे.

गुजरातेत २०२५ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दिवसाला १२ तासांपर्यंत काम घेण्याची वाट मोकळी केली. ती गेटवर अशी सांगितली जाते की “आता बारा तास कायदेशीर आहेत”. पुढचं अर्धं वाक्य कुणी सांगत नाही: आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच, आणि कामगाराची लेखी संमती हवी. बारा तासांचे सहा दिवस म्हणजे ७२. वरच्या २४ तासांचा दर कोणता, हा प्रश्न तुम्ही विचारायचा. संमतीचा फॉर्म पुढे आला तर वाचून सही करा, आणि कोरा असेल तर करूच नका.

रिजेक्शनचे पैसे कापण्याबद्दल थोडं. नुकसानभरपाई कापायची असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि नुकसान तुमच्या हलगर्जीपणाने झालेलं असावं लागतं. दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाहीत. पगार पुढल्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. कमी मिळालेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, म्हणून जुनी पगारपत्रकं रद्दीत घालू नका.

आणि पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी. यूएएन (पीएफ खात्याचा तुमचा कायमचा) नंबर टाकून पासबुक स्वतः उघडा. तुमच्या पगारातून १२ टक्के कापले गेले आणि पासबुकात भरलेच नाहीत, हे दोन-तीन महिन्यांतच कळलं पाहिजे. ठेकेदाराच्या माणसांच्या बाबतीत हे फार होतं. ठेकेदाराने पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून ठेकेदाराकडे कामाला असाल तरी कंपनीचं गेटपास आणि हजेरीचा पुरावा जपा.

पायरी ६ : वर जायचं तर पायऱ्या मोजून

आधी त्याच साहेबाशी, एकट्याने, एका मुद्द्यावर बोला. पाच तक्रारी एकदम मांडल्यात तर तो सगळ्यांत हलकी निवडून तिचंच उत्तर देतो.

दोन आठवड्यांत काही हललं नाही तर त्याच्या वरच्याकडे किंवा एचआरकडे लेखी जा. एकटे जाऊ नका. तिघा-चौघांनी सही केलेलं एक पानी पत्र, त्यात तीन तारखा आणि तीन घटना, पुरेसं होतं. पन्नास सह्या गोळा करायला गेलात तर पत्र पोहोचायच्या आधी बातमी पोहोचते. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत ठेवा आणि तिच्यावर ‘मिळाले’ अशी तारखेची सही घ्या. सही नाकारली तर तोच अर्ज पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा.

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असणं नव्या संहितेनुसार सक्तीचं आहे. तीत मालकाची आणि कामगारांची माणसं सारखी असतात, जास्तीत जास्त दहा. घटना घडल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा, ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येतं. तुमच्याकडे समिती आहे का हे आधी शोधा. बऱ्याच ठिकाणी ती नोटीस बोर्डावरच्या एका पिवळ्या कागदावरच असते. तरी तिच्याकडे अर्ज करा, कारण पुढच्या दारात पहिला प्रश्न तोच येतो: समितीकडे गेला होता का? बाई कामगारांना छळाची तक्रार असेल तर तिची समिती वेगळी असते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती हवी, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची.

एक चूक मात्र करू नका. तापलेल्या डोक्याने “उद्या सगळे मिळून सुट्टी टाकू” ठरतं. नव्या संहितेत निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तो संप धरला जातो, आणि १४ दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदा ठरतो. साहेब वाटच बघत असतो. मग त्याच्या चुकांची चर्चा थांबते आणि तुमच्या सुट्टीची सुरू होते.

तुम्ही स्वतः सुपरवायझर असाल तर तुमची अडचण वेगळी आहे. देखरेखीचं काम आणि पगार १८,००० च्या वर असेल तर औद्योगिक संबंध संहिता तुम्हाला कामगार धरत नाही. नेमणूकपत्रातल्या शब्दांवरच तुमची मदार. ते पत्र शोधून ठेवा.

पायरी ७ : नोटीस आली तर

शोकॉज (कारणे दाखवा नोटीस) हातात पडली की रक्त खवळतं. ती घ्या. घेतली नाही तरी “नाकारली” असं लिहून दोघांच्या सह्या होतात. पोच देताना नुसती सही करू नका. “प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही” आणि तारीख लिहा. उत्तर मुदतीत, एक-दीड पानात, वहीतल्या नोंदींवरून. साहेबाचा स्वभाव त्यात आणू नका, फक्त आरोपाचं उत्तर द्या. निलंबित केलं तर पहिल्या ९० दिवसांसाठी निम्म्या पगाराएवढा निर्वाह भत्ता मिळतो, आणि चौकशी तुमच्या चुकीशिवाय लांबली तर पुढे ७५ टक्के.

सगळ्यांत धोक्याची जागा म्हणजे एचआरची केबिन, दार बंद, आणि समोर टाईप केलेला राजीनामा. “पोलिसात देऊ, नाहीतर सही कर.” तिथे कितीही वेळ बसवलं तरी सही नको. “घरी विचारून उद्या सांगतो” एवढंच म्हणत राहा. राजीनाम्यावर सही झाली की तुम्हाला काढलं होतं हे सिद्ध करायला वर्षं जातात. खरंच काढून टाकलं तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण नोकरी गेल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्या दारात पाऊल टाकण्याआधी युनियनच्या किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला वही दाखवा.

पायरी ८ : घरी आल्यावर

याबद्दल मला फार शहाणपण नाही. एवढंच की साहेबाचा राग जेवणाच्या ताटावर काढला की दोन्हीकडची नोकरी बिघडते. वही लिहून झाली की त्या दिवसाचं तिथेच मिटवायचं, असा नियम मी बायकोच्या सांगण्यावरून केला होता. रविवारी मित्रांबरोबर सेव-उसळ खाताना कारखान्याचं नाव काढेल त्याने बिल द्यायचं, असंही आमच्यात ठरलेलं होतं. मीच जास्त वेळा दिलं.

पायरी ९ : सोडायचंच असेल तर

सुधारणा होणार नाही हे कधी धरायचं? वर दोनदा लेखी जाऊन तीन महिन्यांत काही बदललं नाही, किंवा जिवाचा धोका एकदा सांगूनही तसाच ठेवला, तर शोध सुरू करा. पण शोधा आहे त्या नोकरीत राहून. हालोल, सावली, वाघोडिया, पोर. बडोद्याच्या चारी बाजूंना कारखाने आहेत, आणि चांगल्या फिटरची, सीएनसी सेटरची, परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनची गरज सगळीकडे असते. त्याआधी एखादं कौशल्य कागदावर आणा. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते याच शहरात, हातातल्या कामाला शिक्षणाची जोड असावी म्हणून. आपण आयटीआयचं सर्टिफिकेट ट्रंकेत ठेवून वीस वर्षं काढतो. मुलाखतीत जुन्या साहेबाला शिव्या घालू नका. “का सोडताय?” या प्रश्नाला “प्रोग्रॅमिंगचं काम हवं होतं, तिथे फक्त ऑपरेटिंग आहे” असं खरं पण थंड उत्तर द्या.

चार वर्षं आणि काही महिने झाले असतील तर कॅलेंडर बघा. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी लागू होते. मुदतीच्या करारावरच्या माणसाला नव्या संहितेत एका वर्षानंतरही हिशेबाने मिळते. साहेबावरच्या रागापायी चार महिने आधी पाच वर्षांची रक्कम सोडणारे मी दोघे पाहिलेत.

नोटीस पिरियड पुरा करा, गायब होऊ नका. गायब झालेल्याचं अनुभवपत्र अडवणं साहेबाला फार सोपं जातं. हत्यारं, गेटपास, सेफ्टी शूज, लॉकरची चावी परत केल्याची पावती घ्या. नोकरी संपल्यावर उरलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवा असं आता कायदाच म्हणतो. “फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी” असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे सांगा.

नंतर दोन-अडीच महिन्यांनी पीएफचं पासबुक पुन्हा एकदा उघडा. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या मालकाने भरली नसेल तर नव्या खात्यात पैसे आणताना अडकतात. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिने झाले की ती तारीख पोर्टलवर तुम्हाला स्वतः भरता येते. कोणती भरायची ते वहीच्या शेवटच्या पानावर असेल.